इंद्रायणीकाठचा दुष्काळ आणि दख्खनची लढाई (१६३० ते १६३२)

दरवर्षी ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. देहू सोडून आकुर्डीच्या वाटेला लागताच ती प्रथम थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तेथे अभंग-आरती होते आणि मगच पालखी पुढे सरकते. आपल्या भागातील मुलांनी हे दृश्य पुष्कळदा पाहिलेले असते. पण पहिला विसावा दर्ग्यापाशीच का, असे विचारले तर फार थोड्यांना उत्तर देता येते.

परंपरा असे सांगते की, अनगडशाह नावाचे फकीर हाती कटोरा घेऊन भिक्षा मागत असत. कोणी कितीही घातले तरी तो कटोरा भरत नसे. फिरत फिरत ते तुकोबांच्या दारी आले. घरातील लहान मुलीने कटोऱ्यात चिमूटभर पीठ टाकले आणि कटोरा भरून सांडू लागला. तेव्हापासून फकिराचा आणि तुकोबांचा स्नेह जडला. ही कथा श्रद्धेची आहे. ती कागदपत्रांनी सिद्ध करता येण्यासारखी नाही व तशी गरजही नाही. परंतु न भरणारा कटोरा आणि चिमूटभर पिठाचे मोल ही कल्पना ज्या लोकांच्या मनात रुजली, त्यांनी भूक जवळून पाहिली होती, हे मात्र इतिहास सांगतो. ती भूक कशी आली, केवळ पाऊस न पडल्यामुळे की माणसांच्या करणीमुळे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुलूख लढाईच्या मधोमध

सतराव्या शतकाच्या आरंभी देहू, चाकण, जुन्नर, पुणे हा सारा टापू अहमदनगरच्या निजामशाहीत होता. या राज्याचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे राज्याचा आधारस्तंभ झाला. त्याने मोगलांच्या प्रचंड फौजांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. जमिनीच्या मगदुराप्रमाणे व पिकाच्या मानाने सारा ठरविण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी धारा' या नावाने महाराष्ट्रात दीर्घकाळ लोकांच्या स्मरणात राहिली. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि निजामशाहीचा कणा मोडला.

त्यानंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव यांचा त्यांच्या मुलांसह खून झाला. त्याच वर्षी खानजहान लोदी हा मोगल सरदार बादशहाविरुद्ध बंड करून आग्र्याहून पळाला व निजामशहाच्या आश्रयास आला. त्याचा पाठलाग करण्यासाठी आणि निजामशाही बुडविण्यासाठी शाहजहान बादशहा स्वतः मोठ्या फौजेनिशी १६३० च्या मार्चमध्ये बऱ्हाणपुरास येऊन राहिला. तिकडे विजापूरची आदिलशाही आपला वाटा मिळविण्यासाठी टपून बसली होती. शहाजीराजे भोसले निजामशाहीतून निघून काही काळ मोगलांकडे गेले आणि १६३२ मध्ये तेथूनही बाहेर पडले. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुण्यावर चाल केली, कसबा जाळला आणि वस्ती उद्ध्वस्त केली. त्याने गावावर गाढवांचा नांगर फिरविला व पहार ठोकली, अशी आठवण पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला तो याच धामधुमीत, १६३० च्या फेब्रुवारीत.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या लढाईत मोगल, निजामशहा व आदिलशहा हे तिन्ही राज्यकर्ते मुसलमान होते आणि तिघांच्याही फौजांत हिंदू सरदार होते. पुणे जाळणारा मुरार जगदेव ब्राह्मण होता आणि विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या वतीने लढत होता. ज्याची जहागीर जळाली तो मराठा सरदार निजामशाहीत वाढला होता. ही राज्यांची आणि महसुलाची लढाई होती. तिला धर्मयुद्धाचा रंग देणे इतिहासाला धरून होणार नाही.

पावसाने दगा दिला

बादशहाच्या पदरच्या अब्दुल हमीद लाहोरी या इतिहासकाराने 'बादशाहनामा' या ग्रंथात त्या वर्षांची हकिकत लिहून ठेवली आहे. बालाघाटात, विशेषतः दौलताबादच्या आसपास, आधीच्याच वर्षी पाऊस कमी झाला होता. १६३० मध्ये दख्खन व गुजरात या दोन्ही प्रांतांत तो जवळजवळ पडलाच नाही. पुढच्या वर्षी गुजरातेत उलट अतिवृष्टी झाली, उभे पीक गेले आणि पाठोपाठ रोगराई आली. गुजरातेत विक्रम संवत १६८७ वरून या दुष्काळास 'सत्याशियो' असे नाव पडले.

लाहोरी हा दरबारी लेखक. धन्याच्या राज्यात सारे आलबेल आहे असे लिहिण्याकडे अशा लेखकाचा कल असावयाचा. पण त्यालाही वास्तव लपविता आले नाही. भाकरीसाठी माणसे जीव विकावयास तयार होती, परंतु विकत घेणारा कोणी नव्हता. बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले गेले. पिठात मेलेल्यांच्या हाडांची पूड मिसळली गेली. आणि शेवटी माणूस माणसाला खाऊ लागला, असे तो लिहितो.

याच काळात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेत नंदुरबार लागले. रस्त्यांवर प्रेते पडलेली, तंबू ठोकावयास मोकळी जागा मिळणे कठीण आणि प्रवाशांच्या जनावरांच्या शेणातून धान्याचे दाणे वेचणारी माणसे, असे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. किती माणसे मेली याची मोजदाद तेव्हा कोणी केली नाही. त्या काळच्या परकीयांचे अंदाज गुजरातेत तीस लाख आणि अहमदनगरच्या आसपास दहा लाख असे आहेत. हे आकडे अंदाजाचे असले तरी आपत्तीचा आवाका त्यांवरून कळतो.

देहूतील एक घर

लाखांच्या आकड्यांनी मन बधिर होते. म्हणून एका घराकडे पाहू.

देहूचे मोरे घराणे खाऊनपिऊन सुखी होते. घरात गावची महाजनकी, वाण्याचे दुकान व सावकारी होती. बोल्होबा व कनकाई यांच्या निधनानंतर आणि थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेल्यावर संसाराचा सारा भार तरुण तुकोबांवर पडला. घरात दोन पत्नी, मुले, धाकटा भाऊ कान्होबा. त्यातच दुष्काळ आला. गिऱ्हाईक गेले, उधारी बुडाली, दिवाळे निघाले. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. लहान मुलगाही गेला. आपल्या अभंगांत तुकोबांनी ही हकिकत स्वतःच सांगितली आहे. द्रव्य आणि मान दोन्ही गेले, याचीही त्यांनी कबुली दिली आहे.

सावकाराच्या घरात अशी गत झाली, तर ज्याच्याकडे आदल्या दिवसाचीही शिल्लक नव्हती त्याची काय दशा झाली असेल? या प्रश्नापाशी विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे.

गावगाड्याची रचना अशी होती की, खळ्यावर रास झाली म्हणजे शेतकरी तिच्यातून सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी यांना बलुते देई. त्याच राशीतून गावच्या मुलाण्याचाही वाटा निघे. मशिदीची दिवाबत्ती आणि जनावर हलाल करणे ही त्याची कामे. खळ्यावर रासच पडली नाही म्हणजे कुणब्याच्या पाठोपाठ सुतार उपाशी, लोहार उपाशी आणि मुलाणीही उपाशी. तेल गाळणारा, कापूस पिंजणारा, हातमागावर बसणारा यांचे माल घेणारे हात रिकामे झाले.

शाळेत हा काळ शिकून आलेला एखादा मुलगा घरी विचारतो, 'तेव्हा आपण कोणत्या बाजूला होतो?' त्याच्या प्रश्नामागे कधीकधी वर्गात ऐकलेला एखादा बोचरा शब्द असतो. पालकांनी त्याला उडवून लावू नये. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज सिंहासनावर बसलेले नव्हते. ते त्या खळ्याच्या कडेला आपल्या वाट्याची वाट पाहत शेजाऱ्यांबरोबर उभे होते, हे त्याला समजावून सांगावे. हे उत्तर खरे आहे आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

अवर्षणाचा दुष्काळ कसा झाला

पाऊस एक वर्ष चुकणे ही दख्खनच्या पठारावर नवी गोष्ट नव्हती. शेतकरी तिची तजवीज ठेवीतच असे. जमिनीत खोल पेव काढून त्यात धान्य साठवावे, बी राखावे, बैल जगवावे, सावकाराकडून उसनवार करावी आणि पुढचा पाऊस गाठावा, अशी ही जुनी रीत. मग यावेळी ती का कोलमडली? कारण लढाईने नेमके हेच आधार एकामागून एक काढून घेतले.

पहिले म्हणजे पेव. फौज गावावर आली की शिपाई प्रथम पेव कोठे आहे याचा शोध घेत. दोन वर्षांची शिल्लक एका रात्रीत निघून जाई. दुसरे बैल. तोफा, दारूगोळा, सामानसुमान ओढण्यासाठी बैल धरून नेले जात. जे उरत त्यांना वैरण नसे. शत्रूच्या घोड्यांना चारा मिळू नये म्हणून गंज्या पेटवून देणे व रसद तोडणे हा दख्खनच्या युद्धाचा ठरलेला डाव होता. डाव शत्रूवर असे, पण मरत रयतेची जनावरे. बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर चालत नाही.

तिसरा आधार वाहतुकीचा. त्या काळी धान्याची ने-आण बंजारे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून करीत. चौदा हजार बैलांचा एकच तांडा मंडीने पाहिल्याचे लिहिले आहे. म्हणजे एका प्रांताचे धान्य दुसऱ्या प्रांतात पोहोचविण्याचे साधन देशात होते. परंतु बऱ्हाणपुरास बादशहाची छावणी पडलेली. तिच्यात शिपाई, घोडे, हत्ती आणि त्यांच्या मागे असलेले बाजारबुणगे मिळून एक मोठे शहरच चालत असे. माळव्याकडून येणारे धान्य आधी या छावणीच्या पोटात जाई. ज्या गावात ना फौज, ना पैसा, तिकडे तांडा कशाला वळेल?

चौथी गोष्ट म्हणजे भीती. धारा मागणारे दोन-दोन धनी, खंडणी मागणारा तिसरा आणि पेंढारा करणारा चौथा. अशा वेळी कुणबी पेरणी करण्यापेक्षा बायकामुले घेऊन परागंदा होणे पसंत करतो. गावे अशीच बेचिराग झाली. आभाळाने एक वर्षाचे पीक नेले होते. पुढची पेरणी मात्र लढाईने नेली.

मदत किती आणि कोणाला

शाहजहान बादशहाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लाहोरीच्या नोंदीप्रमाणे बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडण्यात आले आणि तेथे गरिबांना शिजविलेले अन्न मिळू लागले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. अहमदाबादेस पन्नास हजार रुपये निराळे मंजूर झाले. शिवाय खालसा मुलखातील सुमारे सत्तर लाख रुपयांचा, म्हणजे एकूण वसुलाच्या अकराव्या हिश्श्याइतका, महसूल माफ करण्यात आला.

उपाशी माणसाला अन्न देणे हे राजाचे कर्तव्य आहे, ही जाणीव या नोंदींत स्पष्ट दिसते. शेजारी उपाशी असता आपण पोटभर जेवू नये, ही आपल्या धर्माची शिकवण दरबारातही ठाऊक होती. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने कौतुकाबरोबर हिशेबही करावयास हवा. लंगर शहरांत होते आणि भूक खेड्यांत होती. अकरा हिश्श्यांतील एक हिस्सा माफ झाला, तरी उरलेल्या दहांवरील सरकारचा हक्क कायम राहिला. आणि ज्या मोहिमेमुळे धान्य छावणीकडे वळत होते ती मोहीम थांबली नाही. दौलताबाद पडेपर्यंत, म्हणजे १६३३ पर्यंत, ती चालूच राहिली. देहूसारखी गावे तर शत्रूच्या मुलखात मोडत. त्यांच्यासाठी त्या लंगरांचा उपयोग शून्य. एका हाताने अन्न वाटावे आणि दुसऱ्या हाताने वाट अडवावी, असे तेव्हा घडले.

याच बऱ्हाणपुरात १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बाळंतपणात मरण पावली. तिच्या स्मरणार्थ बांधलेला ताजमहाल पाहण्यास आज जगभरातून लोक येतात. त्याच साली अन्नावाचून गेलेल्या लाखो आयांची कबर किंवा समाधी कोठे नाही. देहूच्या रखमाबाईंचे नाव तरी आपणास ठाऊक आहे, कारण त्यांच्या पतीने ते दुःख शब्दांत ठेवले.

भूक ओसरल्यावर

दुष्काळ संपल्यावर तुकोबांनी काय केले? ज्यांनी घराण्याकडून कर्ज घेतले होते त्यांची खते घरात होती. कायद्याने वसुली करता आली असती. परंपरा सांगते की, तुकोबांनी कान्होबाचा निम्मा वाटा त्याला देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची सारी खते इंद्रायणीत सोडली. ज्याचे स्वतःचे घर बुडाले त्यानेच दुसऱ्यांचे देणे माफ केले. या कृतीकडे आपण बहुधा वैराग्य म्हणून पाहतो. पण व्यवहाराच्या दृष्टीनेही तिचा अर्थ मोठा आहे. दुष्काळातून वाचलेला कुणबी कर्जाखाली दबलेला असेल तर तो पुन्हा उभा राहू शकत नाही. बी घेतले तर सावकार नेतो, बैल घेतला तर सावकार नेतो. कर्जमुक्ती ही दुष्काळानंतरची पहिली मदत होय, हे इंद्रायणीकाठच्या एका वाण्याने पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

राज्यकर्त्यांनाही पुढे हाच मार्ग धरावा लागला. १६३६ च्या तहाने निजामशाही संपली, पुणे-चाकणचा मुलूख आदिलशाहीकडे आला आणि शहाजीराजांच्या जहागिरीत पुन्हा वस्ती करण्याचे काम जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. परागंदा रयतेला कौल देऊन परत बोलाविण्यात आले. पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग वर्षावर्षाने थोडा थोडा वाढता, अशी इस्ताव्याची पद्धत ठेवली गेली. उजाड जमीन हुकमाने पिकत नाही, कुणब्याला काही वर्षे दम खाऊ द्यावा लागतो, हा धडा सर्वांनी शिकला.

आपल्या काळाचा आरसा

वडीलधाऱ्या वाचकांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. महाराष्ट्रात पाऊस तेव्हाही भीषण रीतीने हुकला. परंतु १६३० प्रमाणे लाखो माणसे मेली नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कोणी खडी फोडीत होते, कोणी पाझर तलावावर माती वाहत होते. मिलो आणि सुकडी खाऊन का होईना, लोक जगले. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाऊस तोच, जमीन तीच. फरक इतकाच की रस्ते उघडे होते, मजुरी मिळत होती आणि कोणाची फौज धान्य अडवून बसली नव्हती.

उलट, १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहा. दुसरे महायुद्ध चालू होते. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने आदल्या वर्षी पूर्व बंगालच्या नद्यांवरील हजारो होड्या काढून घेतल्या. ज्या मुलखात होडी हाच बैल आणि होडी हीच गाडी, तेथे धान्य हलणार कसे? त्यात भाव चढले, मजुराच्या मजुरीत तांदूळ येईना आणि वीस ते तीस लाख माणसे मेली.

जगाने यातून काही कायदे केले. जिनीव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या मसुद्याने नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास बंदी केली. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव २४१७ करून तोच निषेध पुन्हा उच्चारला. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या विभागात दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांना जाहीर करावे लागले. दोन्ही ठिकाणी प्रश्न पावसाचा नव्हता. वाट अडविलेली होती. कायदा कागदावर असला तरी तो पाळावयास लावणारे जागृत लोकमत लागते, हाच याचा अर्थ.

विद्यार्थिमित्रहो, आज देहू, चिंचवड, चाकण हा सारा पट्टा कारखान्यांचा झाला आहे. पोटासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबे आपल्या शेजारी राहतात. त्यांतील अनेकांना दुष्काळानेच गाव सोडावयास लावले आहे. त्यांच्याशी बोला. आपल्या आजी-आजोबांना १९७२ विषयी विचारा आणि ऐकलेले वहीत लिहून ठेवा. राजांचा इतिहास लिहिणारे दरबारात होते. रयतेचा इतिहास ज्याचा त्यालाच लिहावा लागतो. शिक्षणाचा एक उपयोग हाही आहे.

आणि पुढच्या ज्येष्ठात पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबेल तेव्हा तेथे जाऊन उभे राहा. एका फकिराचा कटोरा आणि एका लहान मुलीच्या हातातील चिमूटभर पीठ यांची ती आठवण आहे. भुकेच्या काळात शेजाऱ्याला ओळखणारी माणसे या मातीत होती, हे आपल्या धाकट्या भावंडांनाही सांगा.